रोजच्या नेसणीचे धोतर

ज्या वस्त्राला शिंप्याची कात्री लागत नाही आणि सुईही लागत नाही, ते विकत घेताना मनुष्य जितका निष्काळजी असतो, तितका शिवलेला कपडा घेताना नसतो. सदऱ्याचे माप शिंपी घेतो, विजारीची कंबर दोनदा मोजली जाते, पायताण तर पाय घालून पाहिल्यावाचून कोणी घेत नाही. धोतर मात्र सर्वांना सारखेच, या समजुतीने दुकानदार जी घडी पुढे टाकील ती काखोटीस मारून गिऱ्हाईक घरी येते, आणि पुढे वर्षभर ते धोतर घोट्यावर आखूड पडते म्हणून, अथवा मांडीला काचते म्हणून, अथवा दुसऱ्याच धुण्यात त्याचे जाळे झाले म्हणून कुरकुरत बसते. वास्तविक धोतराचे सर्व शिवणकाम मागावरच उरकलेले असते. त्याची रुंदी, लांबी, काठ, विणीचा घट्टपणा यांपैकी एकही गोष्ट खरेदीनंतर बदलता येत नाही. सबब शिवलेल्या कपड्याहून न शिवलेल्या वस्त्राची पारख अधिक सावधपणे करावयास हवी, हे या प्रकरणाचे प्रतिपाद्य आहे.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात हा विषय अद्याप जुन्या पोशाखांच्या संग्रहालयात जमा झालेला नाही. तरुण पिढीने पॅंट स्वीकारून आता बराच काळ लोटला. तथापि खामगाव, नांदुरा, मलकापूर, जळगाव जामोद या घाटाखालच्या भागांत आणि चिखली, मेहकर, देऊळगाव राजा या घाटावरच्या भागांत आठवडी बाजाराच्या दिवशी वयस्क शेतकऱ्यांच्या मेळ्यात धोतर व टोपी अजून दृष्टीस पडते. भजनी मंडळींत ते आहेच. आणि शेगावच्या श्रीगजानन महाराजांच्या पालखीबरोबर आषाढीसाठी पंढरपूरची वाट चालणारा वारकरी तर महिन्याहून अधिक काळ ऊन, पाऊस आणि चिखल यांतून धोतरावरच चालतो. चांगल्या-वाईट धोतराची याहून कठोर परीक्षा कोणत्याही प्रयोगशाळेत होणार नाही.

न शिवलेल्या वस्त्राचा हा संसार केवळ आपल्याकडचाच आहे असे समजण्याचे कारण नाही. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातील पुरुष जो किल्ट नावाचा पोशाख आज अभिमानाने मिरवतात, त्याचे मूळ रूप म्हणजे लोकरीचा एक लांबच लांब, न शिवलेला पट्टाच होता; तो जमिनीवर पसरावयाचा, त्याच्या चुण्या घालावयाच्या, त्यावर आडवे होऊन कमरेला पट्टा आवळावयाचा आणि उरलेला भाग खांद्यावर टाकावयाचा, अशी ती नेसण होती. चुण्या शिवून पक्क्या केलेला, कमरेपासून गुडघ्यापर्यंतचा आटोपशीर किल्ट हा अठराव्या शतकातील बदल आहे. इंग्रज सरकारने १७४६ साली कायदा करून या पोशाखास बंदी घातली आणि १७८२ साली ती उठविली, यावरून वस्त्राच्या एका नेसणीलाही राजसत्ता किती बिचकते हे ध्यानात यावे. त्या मुलखातील हायलँडर पलटणी आपल्या जिल्ह्याच्या अगदी वेशीपर्यंत येऊन गेल्या आहेत: पश्चिमेस सीमेपलीकडे असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आणि पूर्वेस सीमेपलीकडे आडगाव येथे त्याच वर्षीच्या २९ नोव्हेंबरला, इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेत ७४ व्या व ७८ व्या क्रमांकाच्या पलटणी मराठ्यांशी लढल्या.

आज किल्ट रोज नेसू इच्छिणाऱ्या स्कॉटिश माणसापुढे जो प्रश्न उभा राहतो तो आपल्या धोतरवाल्याच्या प्रश्नाचा सख्खा भाऊ शोभेल असा आहे. परंपरेने पूर्ण किल्टला सुमारे आठ वार लोकरीचे कापड लागते. ते महाग, वजनदार आणि सणासमारंभास शोभणारे. रोजच्या वापराला म्हणून कोणी चार-पाच वारांवर भागवितो, कोणी लोकरीऐवजी कृत्रिम धाग्याच्या मिश्रणाकडे वळतो. कापड किती घ्यावे, कोणत्या सुताचे घ्यावे आणि दिखाऊपणापायी सुखाचा बळी किती द्यावा, हे तीन प्रश्न तेथेही आहेत, येथेही आहेत. भेद इतकाच की त्यांना थंडी अडवावयाची असते आणि आपल्याला घाम वाट काढून जाऊ द्यावयाचा असतो. पूर्णेच्या खोऱ्यात वैशाखात पारा चाळीस अंशांच्या बराच वर चढतो, तेव्हा दोन्ही पायांभोवती हवा खेळती ठेवणारे हे सुती वस्त्र काय मोलाचे आहे, ते ज्याने जाड विजार घालून भर दुपारी बैलगाडी हाकली असेल त्यालाच विचारावे.

धोतर मागावरच पुरे होते, ही गोष्ट एका स्कॉटिश गृहस्थाने फार लवकर ओळखली होती. जॉन फोर्ब्स वॉटसन हा लंडनमधील इंडिया म्युझियमचा अधिकारी; त्याने १८६६ साली हिंदुस्थानातील कापडांचे सातशे खरे नमुने कापून, चिकटवून, अठरा खंडांत बांधले आणि अशा संचांच्या वीस प्रती करून त्यांतील तेरा ब्रिटनमध्ये व सात हिंदुस्थानात ठेवविल्या. हेतू परोपकाराचा नव्हता. इकडील माणूस काय नेसतो हे लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना कळावे आणि त्यांनी तेच विणून इकडे पाठवावे, एवढाच उद्देश होता. पण त्या व्यापारी खटाटोपात त्याने एक मर्म बरोबर टिपले: पागोटे, लुंगी, धोतर, लुगडे ही वस्त्रे कात्री-सुईवाचून वापरली जातात, म्हणून त्यांची लांबी-रुंदी, काठ आणि पोत मागावरच बिनचूक साधले पाहिजेत, ते चुकले तर उत्तम सुताचा मालही गिऱ्हाईक हाती धरणार नाही. हा उपदेश गिरण्यांसाठी होता. गिऱ्हाइकाने मात्र तो अजून मनावर घेतलेला दिसत नाही.

आणि या व्यवहाराचे दुसरे टोक आपल्याच जिल्ह्यात होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिकडील कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. खामगावची बाजारपेठ त्या काळात इतकी वाढली की जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा खास कापसाकरिता घालण्यात आला आणि १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः तो खुला करावयास आला. कापूस त्या फाट्याने जावा आणि धोतरजोड्या त्याच फाट्याने परत याव्यात, असा तो क्रम होता. यात शेतकऱ्याने आणखी एक गोष्ट गमावली. वऱ्हाडात पूर्वी बनी नावाची लांब तंतूची जात होती. ती मागे पडून अधिक उत्पन्न देणारी परंतु आखूड व राठ तंतूची ‘जरी’ नावाची जात सर्वत्र पसरली. लांब तंतूवाचून बारीक सूत निघत नाही. परिणामी ज्या मुलखात डोळ्यांना पांढरे शेत दिसे, त्याच मुलखातील माणसाला मऊ तलम धोतर बाहेरून आणावे लागे, आणि घरच्या कापसाचे म्हणून जे हाती पडे ते जाडेभरडे असे. याबद्दल कोणास दोष द्यावा हे ठरविणे कठीण आहे. क्विंटलचा हिशेब करणाऱ्या शेतकऱ्याला तरी कसा द्यावा?

पुढे देशी गिरण्या आल्या. नागपूरला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. मुंबईत ग्लासगोच्या जेम्स फिनले कंपनीने काढलेली फिनले मिल तलम सुती कापडासाठी नावाजली, आणि गिरणी राष्ट्रीयीकृत होऊन बऱ्याच काळाने तेच स्कॉटिश नाव आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात अचलपूरच्या गिरणीवर येऊन बसले. इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग लावला, आणि आज बाजारात मिळणारी बहुतेक स्वस्त धोतरे यंत्रमागाचीच असतात. हातमागवाल्यांची उपासमार होऊ नये म्हणून गिरण्यांनी धोतरे किती विणावीत यावर सरकारने मर्यादा घातली, आणि ठरल्यापेक्षा जास्त विणणाऱ्या गिरणीवर १९५३ च्या खास कायद्याने जादा अबकारी कर बसविला. एका धोतरासाठी संसदेने स्वतंत्र अधिनियम करावा, हा मान दुसऱ्या कोणत्या वस्त्राला मिळाला असेल असे वाटत नाही. दुसऱ्या महायुद्धातील कापडाच्या कंट्रोलचे दिवस ज्यांनी पाहिले, त्या पिढीला तर धोतरजोडी हा हक्काने मागण्याचा नव्हे, रांगेत उभे राहून मिळविण्याचा जिन्नस झाला होता.

आता प्रत्यक्ष निवडीकडे येऊ. धोतर प्रायः जोडीने विकले जाते, आणि दुकानदार घडी उलगडताना प्रथम काठ दाखवितो, कारण काठ डोळ्यांत भरतो. नागपुरी काठाची ऐट, रुईफुली काठाची नजाकत यांचे मोल कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. लग्नकार्यात त्यांना तोड नाही. पण रोजच्या धोतरात काठाचे काम निराळे आहे: तो कापडाच्या कडेचे धागे उसवू देत नाही. म्हणून काठ विणलेला असावा, छापलेला नसावा, आणि तो मूळ कापडापेक्षा फार ताठ नसावा. ताठ काठ धुतल्यावर आकसतो, मधले कापड सैल राहते, आणि निऱ्या काही केल्या सरळ पडत नाहीत. वऱ्हाडातील जुना जाणता गिऱ्हाईक याविषयी थोडक्यात बोलतो: काठ काय पाह्यता बाप्पा, पोत पाहा.

पोत पाहावयाचा तो असा. घडीचा एक पदर उजेडासमोर धरावा. उभे व आडवे धागे सारख्या अंतरावर दिसले, मध्ये कोठे विरळ पट्टे नसले, तर वीण बरी आहे असे समजावे. नंतर कापडाचा एक कोपरा दोन्ही हातांच्या चिमटीत धरून, धुणे चोळावे तसा जोराने चोळावा. पांढरी भुकटी झडू लागली की ओळखावे, विणीची विरळता खळीने झाकलेली आहे. विणताना धागा तुटू नये म्हणून ताण्याला खळ द्यावीच लागते, तो गुन्हा नव्हे. पण स्वस्त मालात खळ ही कापडाचे वजन व कडकपणा वाढविण्यासाठी वापरतात, आणि पहिल्याच धुण्यात ती पाण्याबरोबर निघून जाते. मग ज्या धोतराला दुकानात हाती घेताना भरीव म्हटले, तेच दोरीवर वाळत घातले असता पलीकडचा मनुष्य ओळखता यावा इतके झिरझिरीत निघते. दुकानदाराची हरकत नसेल तर चोळलेला तोच कोपरा ओला करून पुन्हा पाहावा; चांगल्या दुकानदाराची सहसा हरकत नसते.

सुताची जाडी नंबरावरून सांगतात. एका पौंड सुतात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतात तितका त्याचा नंबर. म्हणजे नंबर मोठा तितके सूत बारीक. वीस नंबराच्या आसपासचे सूत जाड, खादीच्या अंगाचे. चाळीस नंबर मध्यम. साठ-ऐंशीपासून पुढे तलमपणा सुरू होतो, आणि शंभर नंबराचे धोतर हे रोज शेतात जाणाऱ्याचे वस्त्र नव्हे. माझ्या मते शेतकामाला तीस ते चाळीस नंबर योग्य: इतके जाड की बाभळीच्या काट्याला अडकल्यास लगेच फाटू नये, आणि इतके जड नव्हे की पावसात भिजल्यावर चालणेच जिकिरीचे व्हावे. वारकऱ्याचा हिशेब याच्या उलट आहे. त्याला एका मुक्कामी धुतलेले धोतर दुसऱ्या पहाटे कोरडे हवे असते, शिवाय दिवसभराच्या चालीत मांडीच्या आतल्या बाजूस जाड कापड घासून कातडी सोलवटते. म्हणून त्याने साठ नंबराकडे जाणे शहाणपणाचे.

परंतु सर्वांत जास्त फसवणूक पन्ह्यात होते. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी, आणि नेसल्यावर तीच कमरेपासून घोट्यापर्यंतची उंची होते. किंमत कमी करावयाची झाल्यास विणकराला सर्वांत सोयीचा मार्ग पन्ह्यातून दोन-चार इंच चोरण्याचा असतो, कारण घडीत ते दिसत नाही. घरून निघताना बेंबीपासून घोट्यापर्यंतचे अंतर दोरीने मोजावे, त्यात कमरेवर दुमडण्यासाठी चार बोटे आणि पहिल्या धुण्यात आटण्यासाठी दोन बोटे मिळवावीत, आणि ती दोरी दुकानात उलगडलेल्या पन्ह्यावर लावून पाहावी. दोरी काढताना लाजण्याचे कारण नाही. सोने घेताना काटा मागतोच की आपण. लांबीचे गणित सोपे आहे. नऊ हात, म्हणजे सुमारे चार मीटर, धोतर मध्यम बांध्याच्या माणसाला पुरते. स्थूल माणसाने आणि दोन्ही पाय पूर्ण झाकणारे दुटांगी धोतर नेसणाराने दहा हाती घ्यावे. आठ हाती धोतर स्वस्त पडते खरे, पण त्यात कासोटा पुरेसा खोल जात नाही, आणि मग माणूस चार पावले चालून एकदा मागे हात नेतो.

नेसण्याचीही एक रीत सुखाशी निगडित आहे, म्हणून तिचा उल्लेख करतो. धोतराचा मध्य पाठीमागे कमरेवर धरून दोन्ही टोके पुढे आणावयाची, पुढे घट्ट गाठ बसवावयाची, एक टोक पायांमधून मागे नेऊन त्याच्या चुण्या करून कासोटा खोचावयाचा आणि दुसऱ्या टोकाच्या निऱ्या पुढे खोवावयाच्या, हा ठरलेला क्रम. अनेकांना धोतर टोचते किंवा सुटते, त्याचे कारण बहुधा कापडात नसून गाठ बरगड्यांकडे फार वर किंवा कटीच्या हाडाखाली फार खाली बसविण्यात असते. गाठ कटीच्या हाडावर टेकली तर ती घसरत नाही आणि श्वासालाही अडवीत नाही. नांगरणीच्या किंवा चिखलणीच्या कामात निऱ्यांचा सोगा उचलून कमरेत खोचला की तेच धोतर गुडघ्यावर येते. आखूड व लांब अशा दोन मापांचे काम एकाच वस्त्राकडून करून घेण्याची ही सोय शिवलेल्या कपड्यात नाही.

आता पाणी. ही गोष्ट बाहेरच्या पुस्तकात सापडणार नाही, कारण ती आमच्या भूमीची आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या बाजूने पूर्णेच्या काठी खारपाण पट्टा पसरला आहे. तेथील विहिरीचे पाणी खारे व जड. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. पाण्यातील क्षार साबणाशी संयोग पावून चिकट साका धाग्यांत बसतो, आणि पांढरेशुभ्र धोतर काही महिन्यांत कळकट पिवळसर होते. गृहिणी मग अधिक साबण लावते, अधिक आपटते, नीळ घालते, आणि डाग जाण्याआधी धोतर जाते. अशा गावी राहणाराने फार शुभ्र, पूर्ण धुवट कापड घेऊच नये. मांजरपाटाच्या रंगाचे, किंचित मळकट छटेचे कोरे धोतर घ्यावे, ते पिवळेपणा पोटात घालते, आणि शेवटचे खळबळणे तरी साठविलेल्या पावसाच्या किंवा गोड्या नळाच्या पाण्यात करावे. घाटावर, जेथे पाणी तितके खारे नाही, तेथे ही चिंता उरत नाही. तेथे काळ्या मातीचे डाग हा मुख्य शत्रू असतो, आणि ते ओले असताना चोळण्यापेक्षा वाळवून झाडून मग धुतले तर लवकर निघतात.

कृत्रिम धाग्याच्या मिश्रणाचे धोतर लवकर वाळते, त्याला सुरकुती पडत नाही, ते टिकतेही जास्त, म्हणून त्याला मागणी आहे. ते वाईट आहे असे मी म्हणणार नाही. कचेरीत पंख्याखाली बसणाराला ते चालेल. पण घाम शोषण्याची शक्ती त्यात कमी, उन्हात ते अंगाला चिकटते, आणि शेकोटीची किंवा चुलीची ठिणगी पडली तर सुती कापडासारखे नुसते भोक न पडता वितळून कातडीला डसते. इलॅस्टिकची कंबर आणि आयत्या निऱ्या शिवलेले तयार धोतर हल्ली लग्नाळू मुलांसाठी विकतात. एका दिवसाच्या समारंभाला ठीक, रोजच्याला नव्हे, कारण इलॅस्टिक ढिले पडले की सगळेच गेले. लुंगी ही स्वस्त व सुटसुटीत. दोन मीटरांत काम भागते, घरात आणि रात्री तिच्याइतके सुखकर काही नाही, मात्र मोकळ्या रानात वाऱ्याने ती माणसाला अब्रूच्या पेचात टाकते आणि झाडावर चढावयाची तिच्यात सोय नाही. पंचा अर्थातच या सर्वांहून स्वस्त, परंतु तो आंघोळीचा आणि ओसरीवरचा सोबती.

स्वस्ताई मोजावयाची ती किमतीच्या चिठ्ठीवरून नव्हे, किती धुणी निघाली यावरून. म्हणून जोडी एकाच वेळी घेऊन दोन्ही आलटून पालटून नेसावीत. एकच रोज धुऊन रोज नेसल्यास त्याचा धागा विसावत नाही आणि ते निम्म्या काळात जाते. जुन्या घरांत जोडीचा आणखी एक उपयोग होता. धोतर प्रथम झिजते ते मध्यभागी, जेथे बसणे-उठणे होते. दोन्ही धोतरांचा मधला विरलेला भाग कापून टाकून चांगल्या टोकांना दांड घातला की एक पुरे धोतर उभे राही. शिवणीची रेघ अंगाला रुतू नये म्हणून दांडाची शिवण चपटी, दोन्ही कडा एकमेकींत दुमडून घालीत, आणि नेसताना ती कासोट्याच्या वाटेत न येता बाजूला मांडीवर येईल असे धोतर फिरवून घेत. जे धोतर दांडालाही पुरत नसे त्याचे तान्ह्या मुलासाठी लंगोट होत, आणि उरलेल्या चिंध्या वाकळीच्या पोटात जात. असे दांडाचे धोतर घरी नेसण्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. बाजाराला जाताना तेवढे नवे निघे.